सायलेन्सर कापण्यापूर्वी

आलापल्लीहून सिरोंच्याकडे निघालेला, पाठीवर बांबूचे भारे किंवा धानाची पोती वाहणारा एखादा ट्रक रेपनपल्लीच्या पुढे दुसऱ्या गिअरमध्येच धापा टाकू लागला आणि मागून आलेल्या एस. टी.ने हॉर्न वाजवीत त्याला मागे टाकले, म्हणजे मालकाच्या मनात इंजिनाविषयी जो किंतु उत्पन्न होतो, त्याचे निराकरण करावयास रस्त्याच्या कडेचा मिस्त्री सदैव सिद्ध असतो. तो ट्रकखाली शिरतो, सायलेन्सरच्या डब्यावर पान्याने दोन ठोके मारतो आणि वैद्याने नाडी सोडावी तशा गांभीर्याने निदान सांगतो : "आत जाळी आहे, ती चोंदली आहे, डबा कापून सरळ नळी जोडून देतो, मग पाहा गाडी कशी पळते ती." मजुरी विचारली तर पुष्कळदा हात हलवून तो ती माफही करतो. या औदार्याचा उलगडा यथास्थळी होईल. तूर्त ट्रकमालकांच्या कानावर एवढेच घालावयाचे की, गाडीची हरवलेली ताकद बहुधा त्या डब्यात हरवलेलीच नसते, आणि जेव्हा ती खरोखर तेथे हरवलेली असते, तेव्हाही डबा कापल्याने परत येत नाही.

ज्याच्यावर हा आरोप ठेवला जातो त्या वस्तूची ओळख आधी करून घेतलेली बरी. कोशकार तिला उत्प्रेरक परिवर्तक म्हणतील, परंतु हे नाव उच्चारणारा चालक मला अद्याप भेटावयाचा आहे. बोलण्यात ती 'कॅट', 'जाळी' किंवा नुसताच 'सायलेन्सर' असते. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता दुसऱ्या पदार्थांचा संयोग किंवा वियोग घडवून आणणारा पदार्थ. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखाच तो, फक्त दोन्ही पक्षांकडून काही घेत नाही. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने या गुणास १८३५ मध्ये नाव दिले, अमेरिकेत स्थायिक झालेल्या यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने विसाव्या शतकाच्या मध्यास तो मोटारीच्या धुरावर चालवून पाहिला, आणि १९७५ पासून अमेरिकेतील नव्या मोटारींना असा डबा सर्रास बसू लागला. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींपासून त्याचा आरंभ झाला. डब्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी, हजारो सूक्ष्म नळ्यांची एक वीट असते, आणि त्या नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या सोन्याच्या पंक्तीला बसणाऱ्या धातूंचा अत्यंत पातळ लेप दिलेला असतो.

डबा कापला म्हणजे गाडी पळते, ही समजूतही बहुधा त्या अमेरिकन आरंभकाळातलीच असावी. त्या वेळच्या पुष्कळ डब्यांत विटेऐवजी गोळ्या भरलेल्या असत, त्यांतून धुराचा कोंडमारा होई, आणि डबा काढल्यावर गाडी खरोखरच मोकळी झाल्यासारखी वाटे. पुढे यंत्र बदलले. समजूत मात्र समुद्र ओलांडून, पिढ्यांमागून पिढ्या जगत, प्राणहितेच्या काठापर्यंत येऊन पोहोचली.

मालकाने पहिल्या प्रथम करावयाचे काम ट्रकखाली शिरण्याचे नसून नोंदणीचे प्रमाणपत्र काढून वाचण्याचे आहे. गाडी धुराच्या मानकांप्रमाणे भारत स्टेज ३ किंवा त्याहून जुनी असेल, तर तिच्या सायलेन्सरात बहुधा आवाज दाबणाऱ्या पत्र्यांखेरीज काही नसते, आणि 'जाळी काढतो' म्हणणारा मिस्त्री नसलेली वस्तू काढण्याचे दाम मागत असतो. १ एप्रिल २०१७ पासून सबंध देशात भारत स्टेज ४ लागू झाले, तेव्हा ट्रक बनवणाऱ्यांनी दोन भिन्न मार्ग पत्करले : काहींनी धुराचा काही अंश पुन्हा इंजिनात फिरवून नत्राची ऑक्साइडे मुळातच कमी केली, तर काहींनी युरियाच्या द्रावणाचा फवारा मारून ती सायलेन्सरात फोडली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१८ च्या निर्णयाने पक्की झालेली मुदत येऊन १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आले. तेव्हापासून मोठ्या ट्रकच्या डब्यात सामान्यतः तीन भाग एकापाठोपाठ बसतात : कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन जाळणारा उत्प्रेरक, काजळी धरून ठेवणारी गाळणी, आणि शेवटी युरियाचा विभाग. नत्राच्या ऑक्साइडांची मर्यादा एका किलोवॉट-तासामागे साडेतीन ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमहूनही खाली आली. आपल्या ट्रकला यांपैकी काय बसले आहे हे ज्या मालकाला ठाऊक नाही, त्याने करवत चालवण्याची परवानगी देऊ नये हे उघड आहे.

आता मूळ प्रश्न : धुराच्या वाटेत वीट आडवी आली म्हणजे इंजिनाची काही शक्ती खर्च होते की नाही? होते, आणि ती नाकारण्यात काही प्रामाणिकपणा नाही. परंतु निरोगी डब्यातून जाताना होणारा हा व्यय अल्प असतो, आणि इंजिनाची रचना करणाऱ्याने तो हिशेबात धरूनच टर्बो, पंप आणि नोझल यांची मापे ठरवलेली असतात. डबा काढल्याने मिळणारा लाभ कारखान्याच्या परीक्षायंत्रावर कदाचित नोंदला जाईल. पंधरा-वीस टनांचा भार घेऊन खड्ड्यांतून जाणाऱ्या चालकाच्या पायाखाली तो जाणवणार नाही. उलट नव्या ट्रकमध्ये डब्याच्या अलीकडे-पलीकडे उष्णता, दाब आणि नत्राची ऑक्साइडे मोजणारे संवेदक बसवलेले असतात व त्यांची वार्ता इंजिनाच्या संगणकास क्षणोक्षणी जात असते. डबा नाहीसा झाला, किंवा युरियाची टाकी रिकामी राहिली, की प्रथम दिवा लागतो, आणि त्याकडे काणाडोळा केला तर संगणक स्वतःहून इंजिनाचा जोर आखडता घेतो. ही योजना नियमानेच घातलेली आहे. म्हणजे ज्या शक्तीसाठी सायलेन्सर कापला तीच शक्ती कापल्यामुळे जाते, आणि मग दुसरा कोणी तज्ज्ञ पुढे सरसावतो, जो संगणकास खोटी वार्ता देणारी छोटीशी पेटी बसवून देतो किंवा त्याची आज्ञावलीच बदलतो. इंजिन खरोखर तापत आहे की पेटी तसे सांगत आहे, हे त्यानंतर कंपनीच्या माणसालाही कळत नाही.

मग जोर गेला कोठे? त्याचा शोध क्रमाने घ्यावा, आणि तो हवेपासून सुरू करावा. आमच्या भागातील लाल-पिवळी धूळ, त्यातून राष्ट्रीय महामार्ग ३५३ सी चे काम जेथे वर्षानुवर्षे रेंगाळलेले आहे तेथील मुरमाची भुकटी आणि आष्टी-आलापल्ली पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांच्या रांगेमागे उडणारी ती निराळीच, हवेच्या फिल्टरला ठरलेल्या मुदतीच्या फार आधी बुजवून टाकतात. पुस्तकात दिलेले किलोमीटर गुळगुळीत रस्त्यांसाठी लिहिलेले असतात, हे विसरू नये. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत जाणारे रबरी नळ हाताने चाचपावेत, कारण क्लिपजवळ पडलेली बोटभर लांबीची चीर इंजिनाची हवा बाहेर सोडते आणि बाहेरून दिसतही नाही. मग डिझेलचा फिल्टर, विशेषतः पावसाळ्यात, त्याच्या बुडाशी साठलेले पाणी सोडून. मग क्लच, जो घसरत असेल तर इंजिन गर्जते पण चाक फिरत नाही. मग ब्रेक, कारण खड्ड्यांनी व चिखलाने अडकलेला एखादा ब्रेक-ड्रम हाताला चटका देण्याइतका तापलेला आढळतो आणि मालक मात्र सायलेन्सरकडे पाहत असतो. चाकांतील हवाही पाहावी. गाळणी नसलेल्या जुन्या ट्रकच्या बाबतीत धुराचा रंग हाच उत्तम साक्षीदार : जोर नाही आणि धूर काळा, तर हवा कमी पडते आहे, जोर नाही आणि धूरही नाही, तर डिझेल कमी पोहोचते आहे, इंजिन तापल्यावरही धूर पांढरा किंवा निळसर, तर पाणी अथवा ऑइल जेथे जाऊ नये तेथे जात आहे.

आणि भार. हा विषय मालकांना अप्रिय आहे याची मला कल्पना आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांवरील भाराची मर्यादा वाढवली आणि तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर नेले, तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ 'आणखी थोडे चालेल' असा लावला. मर्यादेपलीकडच्या भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड मोटार वाहन कायद्यात आहे. परंतु दंड वाचला तरी चढ वाचत नाही, आणि जो ट्रक पाच टन अधिक घेऊन चढत नाही त्यास 'पिकअप नाही' म्हणणे म्हणजे उपाशी बैलाला आळशी म्हणण्यासारखे आहे.

तथापि गाळणी खरोखर चोंदते, आणि ती सिरोंचा तालुक्यात मैदानी मुलुखापेक्षा अधिक चोंदते, हेही सत्य आहे. कारण असे की, गाळणीत साठलेली काजळी आपोआप जळून जावी यासाठी सायलेन्सर पुरेसा तापावा लागतो, आणि तो भरलेल्या गाडीने मोकळ्या रस्त्यावर सलग, एका चालीत धावल्याशिवाय तापत नाही. आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत जेथे गाडी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरांच्या वर जातच नाही, तेथे काजळी जळण्याऐवजी साठत राहते. मग संगणक सायलेन्सरात थोडे जादा डिझेल जाळून तो ६०० अंशांच्या आसपास तापवतो व काजळी जाळतो. यास चालक 'रिजन' म्हणतात. रिजनचा दिवा लागला असता चालकाने इंजिन मध्येच बंद करू नये, ही पहिली सूचना. घाईत, जेवणासाठी, नाक्यावर, असे चार-पाच वेळा बंद केले की अर्धवट जळलेली काजळी घट्ट होते आणि मग कंपनीच्या केंद्रावरच गाडी न्यावी लागते. दुसरी सूचना : महिन्यातून एक-दोनदा तरी, माल घेऊन मंचेरियालकडे किंवा चंद्रपूरकडे जाताना, गाडीस अर्धा-पाऊण तास समान वेगाने धावू द्यावे, काजळीवर याहून स्वस्त औषध नाही.

तिसऱ्या सूचनेसाठी थोडे थांबले पाहिजे, कारण ती कोणत्याही कंपनीच्या पुस्तकात आमच्या भागास पुरेल इतक्या ठळकपणे छापलेली नसते. उभ्या गाडीवर रिजन करावयाचे असेल तेव्हा गाडी कोठे उभी करतो याचा विचार चालकाने सर्वांत आधी करावा. माघ-फाल्गुनात सागाची पाने गळून जमिनीवर हातभर थर जमतो, पुढे मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, आणि त्यामागोमाग तेंदूपानांचा हंगाम येतो. या साऱ्या काळात जंगलाची जमीन एका ठिणगीची वाट पाहत असते. अशा वेळी रस्त्याच्या कडेला, सावली मिळावी म्हणून सागाखाली, पाचोळ्यावर ट्रक उभा करून रिजन सुरू करणे म्हणजे शेकडो अंशांपर्यंत तापलेला लोखंडी डबा व त्याच्या नळीतून निघणारा दाहक वायू त्या पाचोळ्याच्या अंगावर सोडणे होय. डबा कापून जोडलेली सरळ नळी याहून सुरक्षित असते अशीही समजूत करून घेऊ नये. गाळणीच्या अभावी त्यातून जळते कण बाहेर पडू शकतात. राखीव जंगलात वन धोक्यात येईल अशा रीतीने आग पेटती सोडणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. परंतु कलमापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की वणव्याच्या दिवसांत मुरमाड मोकळे मैदान, पेट्रोल पंपापासून दूर असलेले ढाब्याचे पटांगण किंवा गावाबाहेरचा उघडा माळ एवढ्याच जागा या कामास योग्य आहेत, आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर वाळलेले गवत किंवा झोपलेला क्लीनर नाही याची खातरजमा चालकाने स्वतः खाली उतरून करावी.

युरियाच्या बाबतीत आमच्या उन्हाचा विचार अपरिहार्य आहे. या द्रावणात युरियाचे प्रमाण ३२.५ टक्के असते, आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ते ३० अंशांत वर्षभर, तर ३५ अंशांत सहा महिनेच टिकते. ज्या मुलुखात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेथे पत्र्याच्या खोलीत वर्षभर ठेवलेले डबे म्हणजे नासलेले दूधच. ते टाकीत ओतल्यावर संवेदक तक्रार करतो आणि मालक संवेदकास शिव्या देतो. हे द्रावण सावलीत, थोड्या प्रमाणात आणि तारीख पाहून घ्यावे. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतण्याची जी क्लृप्ती काही ठिकाणी चालते, तिच्याविषयी एवढेच पुरे की २०१५ पासून तो युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन विकला जातो. तो तेलकट अंश आणि त्यातील अशुद्ध द्रव्ये फवाऱ्याचे तोंड बुजवतात व उत्प्रेरक निकामी करतात, आणि अनुदानाचा खतसाठा भलत्या कामासाठी वापरल्याचा जाब वेगळाच द्यावा लागतो. इंजिन ऑइलही कंपनीने सांगितलेले, कमी राख सोडणारेच घालावे, कारण काजळी जळते पण राख जळत नाही. केरोसीन मिसळलेले डिझेल चार पैसे वाचवते आणि आपल्या गंधकाने डब्यातील प्लॅटिनमचा लेप हळूहळू मारते.

राखेने भरलेली गाळणी स्वच्छ करता येते. ती खोलून, विशिष्ट भट्टीत तापवून व उलट्या दिशेने हवा मारून साफ करणारी केंद्रे मोठ्या शहरांत आहेत. तेथे नेण्याआधी व नंतर दाबाचा फरक मोजून लेखी घ्यावा. पाण्याचा जोराचा फवारा, आम्ल किंवा हातोडी यांनी ती साफ होत नाही, फुटते. वीट खरोखरच वितळली किंवा फुटली असेल, तर तिच्या जागी त्याच गाडीसाठी मान्यता मिळालेला भाग, क्रमांकासह पावती घेऊन बसवावा. बाजारात त्याच आकाराचे, आत रिकामे किंवा नाममात्र लेपाचे डबे मिळतात. ते स्वस्त असतात आणि तेवढाच त्यांचा गुण.

आता मिस्त्रीच्या औदार्याकडे वळू. गेल्या काही वर्षांत पुणे, पिंपरी-चिंचवड आणि अन्यत्र मारुतीच्या ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीस जाण्याचे प्रकार वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले असतील. चोर गाडी सोडून सायलेन्सरच नेत, कारण आतली, पोलिसांच्या व बातमीदारांच्या भाषेत 'माती' म्हणवली जाणारी, प्लॅटिनममिश्रित विटेची भुकटी बाजारात मोलाने विकली जाते. जो मिस्त्री मजुरी न घेता आपला डबा कापतो आणि 'भंगार आमच्याकडेच राहू द्या' म्हणतो, त्याने आपली मजुरी आधीच वसूल केलेली असते. कापणे करवूनच घ्यावयाचे असे ज्याच्या मनाने घेतलेच असेल, त्याने निदान आपल्याच पैशाने आपलीच लूट होत आहे हे ध्यानात ठेवून मग निर्णय करावा.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ (४) प्रमाणे अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि धुराच्या मानकांचा भंग करणारी गाडी रस्त्यावर आणल्यास कलम १९० (२) खाली पहिल्या अपराधास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, वर परवान्याची तीन महिन्यांची अपात्रता. हा कायदा केंद्राचा असल्याने प्राणहितेवरील पूल ओलांडून तेलंगणात किंवा इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात गेल्याने तो मागे राहत नाही. एके काळी ज्या सिरोंच्यात अपर गोदावरी जिल्ह्याची कचेरी होती, तेथील मालकास आज गडचिरोलीच्या परिवहन कार्यालयापर्यंत दोनशे किलोमीटर जावे लागते, हे खरे. पण पासिंगसाठी तेथे जावेच लागते, आठ वर्षांपर्यंतच्या गाडीस दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरसाल, आणि कापलेला डबा त्या दिवसापुरता पुन्हा जोडता येत नाही. शिवाय अपघात झाल्यास फेरफार केलेल्या गाडीच्या भरपाईबद्दल विमा कंपनी प्रथम वाद घालते, मग पैसे देते.

एक गोष्ट राहिली, जुना ट्रक विकत घेणाऱ्यांसाठी. नागपूरहून असो की नदीपलीकडून, भारत स्टेज ६ चा ट्रक घेताना त्याच्याखाली स्वतः शिरावे, अंग मळेल याची पर्वा करू नये. डब्याच्या दोन्ही टोकांस नव्या वेल्डिंगची ताजी शिवण आहे काय, संवेदकांच्या तारा कोठे लोंबत किंवा टेपने गुंडाळलेल्या आहेत काय, डबा ठोकल्यावर आवाज भरीव येतो की रिकाम्या पिंपासारखा, हे पाहावे. मग गाडी सुरू करताना इशाऱ्याचा दिवा तपासावा. किल्ली फिरवताच क्षणभर न पेटणारा दिवा कोणी तरी काढून ठेवलेला असतो. आणि सर्वांत सोपी परीक्षा शेवटी : गाडी रात्रभर थंड झालेली असताना, सकाळी, नळीच्या तोंडात आत बोट फिरवावे. गाळणी शाबूत असेल तर बोटाला फार तर धुळीचा फिकट डाग लागतो. बोट काळे झाले, तर सौदा तेथेच थांबवून किंमत नव्या डब्याच्या हिशेबाने पुन्हा बोलावी, किंवा दुसरा ट्रक पाहावा.